ताईंचा आवाज आणि ताईंचे ओठ

यांच्या मोठ्या बहिणीला मी ताई म्हणते, आणि हे त्यांच्या माघारी 'तारसप्तक' म्हणतात. जिन्याखालून ताईंनी चहा मागितला की समोरच्या शिंप्यालाही कळतं, साखर कमी हवी आहे. वीसेक वर्षं त्या एकाच संगीत नाटकात सराईच्या मालकिणीचं काम करताहेत. मालकिणीचा नवरा समुद्रावर गेलाय. तो येईल म्हणून ती एक खोली राखून ठेवते, आणि दुसऱ्या अंकात ती खोली झाडता झाडता गाते. गाणं तेच, पण ताईंनी ते दोन प्रयोगांत सारखं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. लोकांचे डोळे भरून आले की त्या ओळ लांबवतात. कुणी खोकलं तर आवरतं घेतात. पेटीवाले त्यांच्या श्वासावर नजर ठेवून असतात.

त्या नाटकाचा आता सिनेमा होतोय. मालकीण ताईच, हे आधीपासून ठरलेलं. गाणं स्टुडिओत रेकॉर्ड झालं, फार गोड झालं. मग चित्रीकरणाला ताई मला सोबत घेऊन गेल्या. मोठ्या शेडमध्ये सराईची खोली उभी केली होती, तीन भिंतींची. चौथीच्या जागी कॅमेरा.

"आता गायचं नाही, गाणं लागेल त्यावर फक्त ओठ हलवायचे," दिग्दर्शक म्हणाले.

गाणं लागलं आणि ताईंची गाडी घसरली. स्पीकरमधला आवाज ओळ संपवून पुढे गेला, ताईंचे ओठ मागच्याच शब्दावर रेंगाळले. पुढच्या खेपेला ओठ आधी पोचले, आवाज मागून आला. दुपारपर्यंत तोच खेळ. कॅमेऱ्यामागची माणसं छताकडे बघायला लागली.

दिग्दर्शक सज्जन. ताईंना बाजूला घेऊन म्हणाले, "सोमवारी एकदा पुन्हा बघू. नाहीच जमलं, तर आवाज तुमचाच ठेवतो, चेहरा मात्र..." पुढचं त्यांनी चहाबरोबर गिळलं.

घरी आल्यावर हे म्हणाले, "स्वतःच्याच गाण्याची नक्कल जमत नाही म्हणजे कमाल आहे तुझी."

"तू कालचं भांडण आज शब्दाला शब्द लावून करून दाखव बायकोशी. मग बोल," ताई म्हणाल्या. हे वर्तमानपत्राआड गेले.

मग माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ती खोली इतकी वर्षं मी झाडली गं. आता माझ्या आवाजावर दुसरीच कुणी झाडणार."

हळू आवाजात बोललेल्या ताई मी क्वचितच ऐकल्यात. सकाळी प्रार्थनेला बसले. देवाकडे कुणासाठी सिनेमातलं काम मागावं हे काही मनाला पटेना. म्हणून त्यांच्या जिवाला शांती मागितली, आणि उठता उठता कामाचंही कानावर घातलं.

ताईंनी ते गाणं मोबाइलवर आणलं होतं. दिवसभर त्या त्याच्याशी भांडत होत्या. "ही बाई इथे घाई का करते? गाडी सुटतेय का हिची? आणि इथे काय झोपली?" स्वतःला त्या 'ही बाई' म्हणत होत्या, आणि ते त्यांच्या ध्यानातही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वाटाणे सोलत होते. कानावर पडून पडून तेच गाणं माझ्या तोंडी आलं. माझं गाणं म्हणजे काय विचारता. शेंगेत अळी दिसली की थांबायचं, कुकरची शिट्टी झाली की थांबायचं, मग राहिलेलं एकदम ओढायचं. ताई ओट्याशी उभ्या होत्या, त्यांनी खालच्या सुरात साथ धरली. अख्खं कडवं झालं. मी थांबले तिथे त्या थांबल्या, मी धावले तिथे धावल्या.

"ताई, माझ्यामागे बिनचूक आलात की."

"तुझं काय घेऊन बसलीस? नाटकातला माझा नवरा शेवटच्या अंकात परत येतो आणि दर प्रयोगाला ताल खातो, त्यालाही सांभाळते मी. समोरच्याचं ऐकलं की..." त्या बोलायच्या थांबल्या. मोबाइल उचलला, माझ्या समोरच्या खुर्चीवर उभा करून ठेवला, पाहुण्याला बसवावं तसा. "लाव," म्हणाल्या. त्या दिवशी भांडण झालं नाही.

सोमवारी त्या खोलीत झाडू घेऊन उभ्या राहिल्या, मान किंचित वळवून, पलीकडच्या खोलीत कुणी बाई गातेय आणि आपण तिच्या सुरात सूर मिळवतोय अशा. एका ठिकाणी ओठ चुकणार असं दिसलं. ताईंनी पलंगावरची चादर उचलून झटकली आणि तोंड तिच्याआड नेलं. ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

गाणं संपल्यावर दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून खोलीत आले. मग विचारलं, "मालकीण कुणाचं ऐकत होती?"

"आहे एक बाई," ताई म्हणाल्या. "गळा बरा आहे तिचा. जरा घाईची आहे."

सगळे हसले, पण दिग्दर्शकांनी मान डोलावली. "मालकिणीला नवऱ्याची चाहूल लागल्यासारखं वाटलं मला. हे असंच राहू दे. चेहरा तुमचाच. उद्या जिन्यावरचं गाणं घेऊ."

"मग त्याचं रेकॉर्डिंग आत्ताच द्या मला," ताईंनी हात पुढे केला.

परतताना टॅक्सीत त्यांनी मोबाइल कानाला लावला होता. पुलाच्या अलीकडे ड्रायव्हरने हॉर्न दाबला तसा त्यांनी त्याला हाताने गप्प केलं, आणि मला म्हणाल्या, "ऐक गं, इथे किती छान थांबलीय ती."