दुसऱ्या हाकेला ओ

गंगाखेडहून पुतण्याचा फोन आला तेव्हा मी पूर्णेला आमच्या रेल्वे क्वार्टरच्या दारात ज्वारी निवडत बसले होते. "काकू, आई गेली..." एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला. थोड्या वेळानं त्याचाच परत फोन. पाहुण्यारावळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायचंय, चार ओळी लिहून द्या म्हणाला. मी 'सौ. सुनंदा' एवढं टाइप केलं आणि बोट अडलं. सगळं गंगाखेड तिला याच नावानं ओळखत होतं, त्यामुळं चूक काहीच नव्हती. पण नावासाठी जी बाई सासूशी भांडली, छापखान्याशी भांडली, तिची शेवटची बातमी त्याच नावानं द्यायची? मी पुसलं आणि लिहिलं, 'आमची अक्का गेली.' बाकीचं पुतण्यानं घातलं.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. शाळेत मराठी शिकवायची, दिवाळी अंकांत कथा लिहायची आणि कादंबरी तिनं एकच लिहिली. माहेरचं नाव गंगा. लग्नात सासूबाईंनी ते बदलून सुनंदा केलं, कारण गंगा नावाच्या बाया इथं गल्लोगल्ली आहेत, असं त्यांचं म्हणणं. अक्काला एक खोड होती. पहिल्या हाकेला ती ओ देत नसे. दादा, म्हणजे माझे थोरले दीर आणि अक्काचे मालक, ओसरीवरून ओरडायचे, "सुनंदा!" आत सामसूम. मग परत, "सुनंदा!" तेव्हा आतून, "आले, आले." शेवटी दादांनी तिला परभणीला नेऊन कान तपासून आणले. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. दादा परतीच्या एसटीत सगळा रस्ता चिडचिड करत होते आणि ही खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होती. मला तिनं नंतर सांगितलं, "ऐकू लय चांगलं येतंय गं. पण पहिल्या हाकेला वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलवायलेत."

माझं लग्न लागलं त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. गृहप्रवेश झाला, ताटात तांदूळ पसरले, नवरदेवानं अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहायचं. सासूबाईंनी नाव ठरवून ठेवलं होतं, आमच्या ह्यांनी पहिलं अक्षर काढलंही होतं. तेवढ्यात एक हात पुढं आला आणि त्यानं तांदळावरून सरळ तळवा फिरवला. अक्षर गेलं. "भावजी, तिचं हाय तेच लिवा," अक्का म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "सुनंदा, रीत असती ती." अक्का हसून म्हणाली, "रीत तर करायलोच की, आत्या. नाव लिवायची रीत हाय, कोणतं लिवायचं ते तांदळाला काय ठाऊक?" बायका हसल्या, पेढे वाटले गेले आणि मी मंजुळा होते ती मंजुळाच राहिले. त्या घरात माझी ओळख ना पाळख, तरी माझ्यासाठी कुणीतरी उभं राहिलं होतं. मला रडू आलं. बायकांना वाटलं, माहेरची आठवण आली.

कादंबरी तिनं नंतर लिहायला घेतली. नायिकेला तिनं स्वतःची दोन्ही नावं देऊन टाकली. माहेरची गंगा, सासरची सुनंदा. बाकी गोष्ट सगळी कल्पनेची. मी सुट्टीत गंगाखेडला गेले की लिहिलेलं वाचून दाखवायची. एकदा मी विचारलं, "लग्नानंतर सासरचे सगळे सुनंदा म्हणतात आणि तुम्ही आपलं गंगा गंगा करता. वाचणाऱ्याला कळायचं कसं?" ती म्हणाली, "नाव बदललं ते सासरच्यांनी. त्यांच्या तोंडी सुनंदाच हाय. पण गोष्ट सांगणारी मी, मी कुठं तिच्या सासरची हाय?" मग तिनं तो उतारा वाचला. सासू पहिल्यांदा 'सुनंदा' अशी हाक मारते, आणि गंगा मागं वळून बघते, की कुणाला बोलावलं. एकदा का वाचणाऱ्यानं तिच्याबरोबर मागं वळून पाहिलं की पुढं तो चुकत नाही, असा तिचा हिशेब होता. मला तो तेव्हाच पटला.

छापखान्याला मात्र पटला नव्हता. परभणीच्या एका लहान छापखान्यात पुस्तक छपाईला लागलं होतं. मालक भला माणूस, त्याला वाटलं बाईंच्या नजरचुकीनं लग्नानंतरही गंगाच राहून गेलंय. त्यानं न विचारता कॉम्प्युटरवर एका दमात लग्नापुढची सगळी 'गंगा' काढून तिथं 'सुनंदा' घातली. आता आमच्याकडं गोदावरीला कोण गोदावरी म्हणतं? नदी म्हणजे गंगाच. प्रूफ आलं तर एसटी निघाली 'सुनंदाखेड'ला, आणि पावसाळ्यात 'सुनंदा दुथडी भरून चालली होती'. पुढच्याच ओळीत 'गंगेच्या पुरात म्हैस वाहून गेली', कारण 'गंगेच्या' हे रूप कॉम्प्युटरला ओळखू आलं नव्हतं. अक्का हसून हसून बेजार. डोळे पुसत म्हणाली, "बघ मंजुळा, नदीचं बी लगीन लावलं यांनी! एका मात्रेनं वाचली बिचारी, नाहीतर पुरात बी सुनंदाच." मग हसू थांबलं. दुसऱ्या दिवशी ती छापखान्यात जाऊन बसली. मालक म्हणाला, नदीचं तेवढं दुरुस्त करतो. ती म्हणाली, "नदीचं आधी करा. मग गोष्टीतल्या पोरीचं करा." तो कव्हरवरच्या नावाबद्दल कुरकुरला, तिथं तर तुम्ही सुनंदाच आहात की. "कव्हरवर लोकांचं नाव राहू द्या," ती म्हणाली, "आत माझं." शेवटची गंगा जागेवर आली तेव्हाच ती उठली.

शेवटची भेट तिच्या घरीच झाली. खाटेवर उशीला टेकून बसली होती, आवाज बसला होता. पुण्याचे एक प्रकाशक दुसरी आवृत्ती काढायला तयार झाले होते, त्याचा आनंद होता आणि धास्तीही. माझा हात धरून म्हणाली, "नावं एकसारखी करायलेत का बघ. मी नसले तर तू बघ. तुझं नाव मी राखलं, माझ्या पोरीचं तू राख..." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण ते हो मी मनापासून म्हणाले होते.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी पुण्याच्या प्रकाशकांकडच्या संपादकाचा फोन आला. तरुण मुलगा, बोलणं अदबीचं. "मॅडम, वाचकाचा गोंधळ होईल. लग्नानंतर सगळीकडं सुनंदा करू या. नाहीतर निदान सुनंदा लिहून पुढं कंसात गंगा?" माझं डोकंच फिरलं. "कंसात? जन्माचं नाव कंसात घालायला निघालात?" मग मीच आवाज उतरवला. अक्कानं मला सांगितलं होतं ते सगळं त्याला सांगितलं, तो उतारा फोनवर वाचला आणि स्वच्छ सांगितलं, की नावाला हात लावणार असाल तर पुस्तक आम्हाला काढायचंच नाही. मी दहावी शिकलेली बाई, असं कुणाशी बोलेन असं मलाच वाटलं नव्हतं. आठवडाभर मी फोन जवळ घेऊनच घरभर फिरत होते. पुस्तक बुडवलं तर नाही मी? मग त्याचा फोन आला. त्यानं कादंबरी पहिल्यापासून परत वाचली होती. "आहे तसंच ठेवतोय," तो म्हणाला. "मीही मागं वळून पाहिलं, मॅडम."

प्रूफं आली ती घेऊन मी गाडीनं गंगाखेडला गेले. प्रूफ तपासायला दोघं लागतात, एकानं जुन्या पुस्तकातून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नव्यात बघायचं. घरात दादाच होते. बायकोची कादंबरी त्यांनी कधी उघडली नव्हती. चष्मा लावून ते पहिलीतल्या पोरासारखं अडखळत वाचायला लागले. दुपारी त्या उताऱ्यापाशी आलो. "सासूनं हाक मारली, सुनंदा. गंगानं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं. दुसरी हाक आली तेव्हा तिला कळलं, की ती आपल्यालाच आहे..." दादा थांबले. मला वाटलं ओळ चुकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि तीच ओळ पुन्हा मनात वाचली. "मी हिचे कान तपासून आणले," एवढंच म्हणाले. मी प्रूफाची पानं आवरून ठेवली. त्या दिवशी पुढं वाचणं झालं नाही.

सकाळी मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. अक्काचा पाट भिंतीला टेकलेला, तिच्या हातची चिमटीएवढी चहापूड अजून डब्यात. दादा ओसरीवर येऊन बसल्याचं खुर्चीच्या आवाजावरून कळलं. ती गेल्यावरही त्यांची सवय सुटली नव्हती, सकाळी चहाच्या वेळेला दोनदा हाक ठरलेली. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले.

"गंगा!"

सवयीनं मी दुसऱ्या हाकेची वाट पाहिली. दादांनी ती मारली नाही.