पडीक म्हणे

गावामागच्या माळावर परवा खोदाईचं यंत्र ओळीनं खड्डे पाडत होतं. वृक्षारोपणाचा कार्यक्रम होता. फलकावर ठळक अक्षरांत ‘पडीक जमीन’ असं लिहिलं होतं. निवृत्त शिक्षक म्हणून मलाही बोलावलं होतं.

तिथं नेहमी मेंढ्या चारणाऱ्या हिराबाईंनी मला एका खड्ड्याशी नेलं. उकरलेल्या मातीत चंडोलाचं घरटं उलटं पडलं होतं आणि अंडी फुटली होती.

“गुरुजी, पडीक म्हंजी काय वो?” त्या म्हणाल्या. “हितं ससं हायती, लांडगा हाय, माझी मेंढरं चरत्यात. मग पडलंय काय?”

माझं डोकं तापलं. कार्यक्रमाचे साहेब म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. त्याला म्हटलं, “हे गवताचं रान आहे. झाडांची दाट सावली पडली की हे गवत मरेल, आणि त्यावर जगणारं सगळंच जाईल.”

“सर, तुम्ही झाडांच्या विरोधात?” तो हसून म्हणाला. जमलेले लोकही हसले.

घरी आलो तरी राग उतरेना. पण तो आता त्याच्यावर नव्हता. तीस वर्षं मी भूगोल शिकवला. वर्षावनं, वाळवंटं, टुंड्रा, प्रवाळबेटं, सगळं फळ्यावर काढलं. गवताळ प्रदेश म्हटलं की आफ्रिकेचा नकाशा टांगला. वर्गाच्या खिडकीतून हा माळ दिसायचा, त्याकडे मी एकदाही बोट दाखवलं नाही. झाडं नाहीत ती जमीन ओसाड, असं त्या पोरानं उत्तरपत्रिकेत लिहिलं असतं, तर मीच त्याला पूर्ण गुण दिले असते.