शैलानं खोडलेले अठरा दिवस

हे कुणी वाचलंच तर माझ्या अक्षराला आणि शुद्धलेखनाला हसू नये. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पण शैलाबद्दल लिहील असं आमच्या गावात दुसरं कुणी नाही, म्हणून मीच बसले. दीड महिन्यापूर्वी नांदेडहून तिच्या नवऱ्याचा फोन आला. "अक्का, शैला सकाळी गेली," एवढंच बोलले... मी फोन धरून अंगणात आडापाशी गेले.

अंगणातल्या आडामुळंच ती आमच्या घरी आली होती, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी. आम्ही निलंगा तालुक्यातले. घर पडलं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, आड मात्र शाबूत होता. शैला नांदेडला पीएचडी करत होती, जमिनीच्या पोटातल्या दगडांची आणि पाण्याची. भूकंपानंतर पाणी कसं वर-खाली होतं ते तिला रोज मोजून हवं होतं. तिनं मला वजन बांधलेला टेप दिला, वही दिली. "अक्का, रोज सकाळी पाणी शेंदायच्या आधी मोजायचं." सासूबाई म्हणाल्या, "आडात बघून डॉक्टर व्हायलीस व्हय गं? दवाखाना पण आडातच टाकणार का?" शैला म्हणाली, "हाव आजी, पहिली सुई तुम्हालाच." त्या दिवसापासून सासूबाई तिला चहाशिवाय सोडत नसत.

तिच्या वडलांना मात्र हे पटत नव्हतं. लातूरला तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते. बीएस्सीला तिची केमिस्ट्रीही होती, ती शिकवायला एका क्लासवाल्यानं तिला बोलावलं होतं, पगारही चांगला. वडील म्हणाले, उन्हाळ्यात पीएचडीच्या सरांना काही दाखवता आलं तर ठीक, नाहीतर लातूर. तिचं सगळं त्या वहीवर अडलं होतं.

आणि त्याच उन्हाळ्यात माझी आई आजारी पडली. मी अठरा दिवस माहेरी, लातूरजवळच्या मुरुडला राहिले. परत आले तर वही कोरी, आणि दुसऱ्याच दिवशी शैला येणार, तीन एसट्या बदलून. तिच्यापुढं कोरी पानं ठेवायची मला लाज वाटली. मी अठरा आकडे अंदाजानं भरले, रोज थोडं थोडं पाणी खाली. वही पाहून तिचा चेहरा खुलला. "अक्का, किती सरळ उतरलंय बघा. सर खूश होतील." ती वही पिशवीत घालायला लागली तशी मी ती धरून ठेवली. मी सांगून टाकलं.

ती बाजेवर बसली. रागावली नाही. मग पेन काढून अठराच्या अठरा आकड्यांवर रेघ मारली. मी विचारलं, "आता लातूर का?" म्हणाली, "बघू. पण हे घेऊन न्हाई जायचं."

आठ दिवसांनी आली ती हसतच. सरांनी रेघा पाहून विचारलं, तिनं खरं ते सांगितलं. सर म्हणाले, "स्वतःचे अठरा दिवस खोडणारी मुलगी मी क्लासवाल्याला देणार नाही." त्यांनी वडलांना स्वतः पत्र लिहिलं. वडलांनी ते दोनदा वाचलं म्हणे, आणि लातूरला नकार कळवला. मलाही सरांचा निरोप होता : दिवस सुटला तर जागा कोरी सोडा, आम्हाला चालतं.

पीएचडीच्या शेवटच्या परीक्षेला तिनं मला नांदेडला नेलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आलेखावर बोट ठेवलं, रेघ मधेच का तुटली? शैला म्हणाली, "मोजणाऱ्या बाई तेव्हा घरी नव्हत्या. त्या मागं बसल्यात, विचारा." मी पदर सावरून उभी राहिले. एवढ्या माणसांपुढं पहिल्यांदाच बोलले, "हाव, मी मुरुडला होते." त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं. नंतर ऑटोत शैला म्हणाली, "अक्का, मी तिथंच पास झाले."

पुढं ती नांदेडलाच कॉलेजात शिकवत राहिली. दर वर्षी नवी वही पाठवायची. मी अजून मोजते. तिच्या तेराव्याला गेले तेव्हा दोन दिवस तिकडंच राहिले. ते दोन दिवस वहीत कोरे आहेत.