उलट्या बाजूने बोलणारी माणसं

काही मंडळींना किस्से आठवावे लागतात. आमच्या मंडळात ते टाळावे लागतात! कुणाला एक सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा ढकलतो, तिसरा म्हणतो, "अरे, माझं राहिलं." परवा कंपनीच्या बसमध्ये एकाने सहज विचारलं, "रविवारी सुट्टी असते तर जाता कुठे राव तुम्ही?" चाकण येईपर्यंत मी बोलतच होतो.

तर मंडळ असं. भोसरीत विहाराच्या हॉलवर एक वाचनालय आहे. दर रविवारी सकाळी दहाला तिथे आम्ही पंधरा-सोळा जण जमतो आणि भांडतो. भांडणाचे विषय मोठे असतात. हा प्रदेश कुणाचा, त्या बेटावर हक्क कुणाचा, तिथल्या थोड्या लोकांचं काय करायचं! बसणारे मात्र आमच्यासारखे. कुणी फिटर, कुणी नर्स, कुणी रिटायर. मी स्वतः चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर घेऊन नट-बोल्टचे दोष काढतो.

मंडळ चालवतात कांबळे सर. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. त्यांचा नियम एकच, पण जीवघेणा! आपल्याला जे पटतं, त्याच्या उलट्या बाजूने बोलायचं. "स्वतःची बाजू काय, झोपेतही मांडता येते," सर म्हणतात. शेवटी हात वर करून मतदान, आणि मत मात्र आपलं खरं द्यायचं.

*

सुरुवातीला 'सार्वभौमत्व' या शब्दावरच आमची गाडी अडली. सरांनी फळ्यावर लिहिलं, समजावलं, पुन्हा समजावलं. आमच्यात परशराम म्हणून प्रेस शॉपचा ऑपरेटर आहे. तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, म्हणजे मशीन कागदावर कुणाच्या नावाची आहे ते नाही बघायचं. इमर्जन्सी स्टॉपचं बटण दाबायची परवानगी कुणाला आहे, ते बघायचं. बरोबर?"

सरांनी खडू खाली ठेवला.

"परशराम, मी जाडजाड पुस्तकं वाचून आलो रे!"

*

निगडी प्राधिकरणातून जोशीकाका येतात. निवृत्त इंजिनिअर, इस्त्रीचा शर्ट, वेळेचे पक्के. एकदा चर्चा सुरू व्हायच्या आधीच ते म्हणाले, "अल्पसंख्याकांच्या हक्कांचं जरा जास्तच होतंय. संख्या कमी असणं हा काही विशेष गुण नाही."

सुनंदाताई समोरच बसल्या होत्या. त्या नर्स आहेत. वडील कारखान्यात हेल्पर होते, आणि याच विहारात कंदिलाजवळ बसून त्या दहावी झाल्या. त्या अजिबात चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "एक करू या. जो आयुष्यात कधीही, कुठेही, कशातही अल्पसंख्य नव्हता, त्याने उभं राहावं."

आम्ही सगळे आठवू लागलो. कुणी परक्या गावात भाडेकरू होता, कुणी वर्गात एकटाच आपल्या जातीचा, कुणी अख्ख्या लाइनवर एकटी बाई. कुणी उठेना. जोशीकाका मात्र ताठ उभे राहिले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं. पूर्ण हॉलमध्ये ते एकटेच उभे!

म्हणाले, "म्हणजे आत्ता झालोच की मी!"

आणि हसत खाली बसले. त्यानंतर काकांनी एक रविवार चुकवलेला नाही.

*

परशरामचं गाव सीमेच्या पलीकडे, कर्नाटकात. घरात मराठी. बसवराज त्याच्याच शॉपमध्ये वेल्डर. त्याचं गाव सीमेच्या अलीकडे, महाराष्ट्रात. घरात कानडी. दोघं एका डब्यात जेवतात, पण सीमाप्रश्न निघाला की डब्याची झाकणं वाजतात!

तो विषय सरांनी मुद्दाम दोन वर्षं टाळला होता. शेवटी घेतलाच. नियमाप्रमाणे बसवराजने पलीकडच्या मराठी माणसांची बाजू मांडायची, परशरामने अलीकडच्या कानडी लोकांची.

बसवराज आधी उठला. कागद नाही, काही नाही. म्हणाला, "माझी आई कचेरीत कागद घेऊन जाते. कागद तिच्या घराबद्दल आहे, पण तिला वाचता येत नाही. ती अडाणी नाही. चार वर्ग शिकलीय, पोथी घडाघडा वाचते. पण कागद दुसऱ्या भाषेत आहे. ती साहेबाला विचारते, साहेब म्हणतो, एवढी वर्षं इथे राहता, अजून येत नाही? आई घरी येऊन मला म्हणते, 'आपण इथे राहतो, पण कागदावर राहत नाही.'"

परशराम मान खाली घालून बसलेला. त्याची आई अशीच कचेरीच्या पायरीवर बसून राहायची, हे आम्हाला नंतर कळलं.

"हे तुला परशरामने सांगितलं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर. माझ्याच आईचं आहे. फक्त भाषेचं नाव बदललं."

मग परशरामची पाळी. तो उठला, दोनदा घसा साफ केला आणि म्हणाला, "सर, माझं भाषण यानेच करून टाकलं."

त्या दिवशी मतदान झालं नाही. कशावर घ्यायचं, तेच सरांना सुचेना.

*

हा किस्सा माझा स्वतःचा. आमच्या कंपनीत जर्मनीहून नवीन मशीन आलं. ते बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता. पन्नाशीचा, काळे केस, कामाशी काम. त्या रविवारी माझा विषय होता कुर्द लोकांचा. चार देशांत वाटले गेलेले, आणि स्वतःचा देश नसलेले. चहाच्या सुट्टीत मी पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर मार्करने चारही देशांच्या सीमा काढून पाठ करत होतो.

तो मागे येऊन उभा राहिला. कितीतरी वेळ बघत होता. मला वाटलं, आता आमच्या साहेबांकडे तक्रार जाणार!

"सीमा छान काढल्या आहेत," तो इंग्रजीत म्हणाला. "डोंगर राहिले."

माझ्या हातातून त्याने मार्कर घेतला आणि डोंगर काढले. एका देशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. हात कुठेही थांबला नाही. मग एका ठिकाणी, अगदी माझ्या रेघेवर, बोट ठेवलं. "आजोबांचं घर या बाजूला होतं. मेंढ्या चरायच्या त्या बाजूला. रेघ नंतर आली."

मी चाट पडलो. "पण तुम्ही तर जर्मन!"

"पासपोर्ट जर्मन आहे."

मी नाव विचारलं. त्याने गळ्यातलं कार्ड सरळ करून दाखवलं. आझाद.

"आमच्याकडे या शब्दाला अर्थ आहे," मी म्हणालो. "स्वतंत्र."

"आमच्याकडेही तोच आहे," तो म्हणाला आणि मशीनची लेव्हल बघायला गेला.

*

मोशीचे नाना ऐंशीच्या घरात आहेत. नातवाच्या स्कूटरवर मागे बसून येतात. बोलत नाहीत, ऐकतात. एका रविवारी विषय होता एका बेटाचा. लष्करी तळ हवा म्हणून तिथल्या सगळ्या लोकांना बोटीत बसवून दुसरीकडे नेलं होतं. मी करार काढला, जोशीकाकांनी दुसरा करार काढला. तासभर कलमं चालली! शेवटी काका म्हणाले, "भरपाई दिली की विषय संपतो."

पहिल्यांदाच नानांनी हात वर केला.

"आमची बी जमीन गेली. आता तिथं धा मजली बिल्डिंग हाय. माजी पान्याची हीर जिथं व्हती, तिथं गाड्या लावत्यात. पर सही म्या केली. चार डाव घरी आलं लोक, मी न्हाई म्हणलो, तर माघारी गेलं. पाचव्या डावाला व्हय म्हणलो. माजं मी म्हणलो." नानांनी आमच्या कागदांकडे बोट केलं. "त्या बेटावरल्या लोकास्नी इचारलं व्हतं का कुनी?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कागद चाळले. इतकी कलमं होती, राव! पण नानांच्या प्रश्नाचं उत्तर एकाही कागदात 'हो' असं नव्हतं.

*

थंडी सुरू झाली की पिंपरीत तिबेटी लोक स्वेटरचे स्टॉल लावतात. पेमाताई तिथल्याच. जन्म कर्नाटकातल्या निर्वासित वसाहतीतला, दरवर्षी तीन महिने इकडे. सुनंदाताई त्यांच्याकडून स्वेटर घेता घेता मैत्रीण झाल्या आणि एका रविवारी त्यांना घेऊनच आल्या.

विषय आधीच ठरलेला होता. देश गमावलेल्या लोकांनी परतीचा हट्ट सोडून जिथे राहतात तिथलं नागरिकत्व घ्यावं का? आम्हाला संकोच वाटला. सर म्हणाले, "बदलू या विषय."

"नको, बोलते ना मी," पेमाताई म्हणाल्या. नियम ऐकून घेतला, क्षणभर विचार केला. "म्हणजे मी 'सोडावा' म्हणून बोलायचं. चालेल."

मराठी-हिंदी मिसळून त्या बोलल्या.

"माझ्या पप्पांनी घरात फरशी नाही घातली. आई बोलायची, थंडी लागते, फरशी घाला. पप्पा बोलायचे, कशाला, पुढच्या वर्षी परत जायचंय. अंगणात झाड नाही लावलं. फळ येईपर्यंत आपण इथे थोडेच आहोत! पप्पा गेले. जमीन मातीचीच होती. आता माझी मुलगी बारावीला आहे. तिने तो देश पाहिला नाही, मी पण नाही पाहिला. फॉर्मवर देश लिहायची जागा आली की ती माझ्याकडे बघते. मी काय सांगू? तिला इथली भाषा येते, इथली गाणी येतात, इथली टीम हरली की ती रडते. एका मुलीला किती पिढ्या पाहुणी ठेवायचं? पप्पांनी वाट पाहिली. त्यांची वाट मुलीने का पाहायची? सोडा. फरशी घाला. झाड लावा."

बसवराज डोळे पुसत होता. उत्तर द्यायची पाळी जोशीकाकांची होती. ते बसूनच म्हणाले, "सर, थेट मतदानच घ्या."

सरांनी मत मागितलं. 'सोडावा' या बाजूने भराभर हात वर झाले. काकांचा झाला, नानांचाही झाला. सरांनी मोजले, चौदा. मग ते थांबले.

पेमाताईंचा हात मांडीवरच होता.

"ताई, तुमचं ऐकून आम्ही सगळे या बाजूला आलो," सर म्हणाले. "हात राहिला तुमचा."

"भाषण चांगलं झालं ना?"

"या हॉलमधलं आजवरचं सगळ्यात चांगलं."

"हां. मग मला दुसऱ्या बाजूला लिहा."

"पण तिकडे कुणीच नाही, ताई!"

पेमाताई उठल्या. स्टॉल उघडायची वेळ झाली होती. शाल नीट केली, दाराशी चपला घातल्या.

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "तिकडे पण एक माणूस पाहिजे ना, सर."