बारशासाठी कर्नल

मुलांनो,

मागच्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर थोरलीने मला विचारलं, "आजी, हू इज द मॅन अ‍ॅट द एंड?" प्रश्न तिच्या बारशाच्या फाइलबद्दल होता. बाबांच्या जुन्या सीडींमध्ये तिला ती सापडली. आधी तो कुर्रर्र आवाज कसला, मग कोण कुणाला मारतंय, आणि शेवटी तो माणूस कोण, असे तुम्हा दोघांचे प्रश्न होते. बाबा म्हणाले, आजीला विचारा. मी सांगायला लागले तेवढ्यात धाकट्याच्या स्विमिंगची वेळ झाली. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबांकडून वाचून घ्या. त्यांनाही यातलं सगळं माहीत नाही.

तेव्हा आजोबा, मी आणि तुमची आत्या दुबईतल्या देऱ्यात राहत होतो. आजोबा एका ट्रेडिंग ऑफिसात होते आणि आत्या एका शिपिंग कंपनीत. तुमचे आईबाबा नुकतेच कॅनडाला गेले होते. जाण्याआधी बाबांनी घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची सिस्टिम घातली होती, आणि तीही साधी नव्हे. इतरांकडे तयार सिस्टिमची सीडी असे. बाबांच्या प्रकारात तयार काहीच येत नसे. प्रत्येक प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ मजकूर यायचा आणि तो आपल्याच मशीनवर कम्पाइल करून घ्यायचा. पोळ्या आणण्याऐवजी गहू आणण्यासारखं होतं ते. याने काय फायदा होतो असं मी विचारलं होतं. "आपल्याला हवं तसं करता येतं," असं ते म्हणाले होते. नंतर ते कॅनडाला गेले आणि गहू आमच्याकडे राहिले.

थोरली फार लवकर जन्मली. पाळणा विकत आणलेला नव्हता. तिला हॉस्पिटलात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाबा रोज फोन करत. मी विचारायचे, "वजन वाढलं का?" ते म्हणायचे, "अजून नाही." मग ते हवेबद्दल बोलत. तिथे एप्रिल संपत आला तरी बर्फ होता.

बारसं बाराव्या दिवशी करतात आणि नाव आत्या ठेवते. ती बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करते आणि नाव सांगते. त्याच वेळी बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात ते मला ठाऊक नाही. माझ्या सासूबाईंनाही ठाऊक नव्हतं, पण त्यांनी जोरात घातले होते.

आत्याचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी ऑफिसात अडकला होता. तिला जाता येणार नव्हतं. फोनवरून करावं, तर त्या वॉर्डात मोबाइल नेऊ देत नसत. मग बाबांनी सांगितलं, की नर्स म्हणतात घरच्यांचे आवाज रेकॉर्ड करून आणा, हळू आवाजात पेटीपाशी लावू. बारावा दिवस शनिवारी होता आणि हे ठरलं बुधवारी. कॅसेट कुरिअरने पोचली नसती. सायबर कॅफेत माइक ठेवत नसत, लोक फुकट फोन करतील म्हणून. शिवाय आत्या म्हणाली की अनोळखी माणसांच्या देखत ती कुर्रर्र करणार नाही.

"थांबू या ना," आजोबा म्हणाले. "घरी आली की करा बारसं. एवढी कसली घाई?"

आत्या म्हणाली, "बाबा, ती बिननावाची नाही राहणार."

पेटीवर फक्त आईचं आडनाव लिहिलेलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

कॉम्प्युटरला माइक लावून आत्या "हॅलो, हॅलो" म्हणाली. काहीच रेकॉर्ड झालं नाही. बाबांनी फोनवर कारण सांगितलं. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्क्रीन, डिस्क, माइक या सगळ्यांशी बोलणारा. आमच्या कर्नलला आमच्या साउंड कार्डाचा माइक ओळखता येत नव्हता. दुसरा एक कर्नल होता, काही हौशी लोकांनी सुधारलेला. त्याला येत होता. तोही अर्थात कम्पाइल करावा लागणार होता.

आत्याने ऑफिसातून त्याचा सोर्स सीडीवर आणला आणि सूचना छापून आणल्या. काम मात्र मी घेतलं. आत्या हुशार आहे, पण ती सूचना वाचत नाही, त्यांच्याशी घासाघीस करते. हे तिने आजोबांकडून घेतलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. केलं ते काहीतरी उपयोगाला यावं म्हणून. सूचना बऱ्या इंग्रजीत होत्या, एवढंच मी त्यांच्याबद्दल म्हणेन.

पहिली सूचना होती, जुना कर्नल पुसू नका. ही मला आवडली. नवं दही लागल्याशिवाय जुन्याची वाटी मी धूत नाही.

पुढे एक लांबच लांब यादी होती. कर्नलमध्ये काय काय हवं, ते एकेका ओळीवर हो किंवा नाही करून सांगायचं होतं. शुक्रवारी सकाळी, सुट्टीच्या दिवशी, मी चहा घेऊन बसले.

आता इथली एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. आखातात आमच्यासारखी माणसं घरात जास्तीचं काही ठेवत नसत. नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि मग सगळं खोक्यांत भरावं लागतं. प्रत्येक वस्तूकडे मी भरायची वस्तू म्हणून बघत असे. यादीकडेही मी तसंच बघितलं.

"अहो, आपल्याकडे जॉयस्टिक आहे का?"

"नाही," आजोबा पेपरामागून म्हणाले.

"टेप ड्राइव्ह?"

"ते काय असतं?"

"म्हणजे नाही. हौशी रेडिओ?"

"अगं, आपल्याकडे साधा रेडिओ तरी आहे का? सगळ्याला नाही म्हण. यल्ला, पुढे."

आजोबा सगळ्यालाच यल्ला म्हणत. लिफ्टला, कुकरला, आत्याच्या गणिताच्या पेपरालाही म्हणाले होते. चला, आटपा, निघा, यातलं जे हवं ते त्या एका अरबी शब्दात बसत असे.

साउंड कार्डापुढे मी हो केलं. माइकपुढे केलं. बाकी जे ओळखीचं नव्हतं ते काढलं. यादी इतकी सुटसुटीत झाली, की मला समाधान वाटलं.

मग कम्पाइल सुरू झालं. स्क्रीनवरून ओळी वर सरकत राहिल्या. थोड्या वेळाने मशीन तापून बंद पडलं. बाहेर ऊन मरणाचं होतं, आणि हॉलमधला एसी नावापुरता होता. चांगला एसी बेडरूममध्ये होता, त्याच्याखाली आजोबा शुक्रवारचं जेवण झाल्यावर झोपत. आम्ही कॉम्प्युटर उचलून त्यांच्या जागी ठेवला आणि त्यांना हॉलमध्ये चटई दिली.

"माझ्या घरात," आजोबा चटईवरून म्हणाले, "मशीनला एसी आणि मला पंखा."

"बाबा, तुम्ही कम्पाइल करताय का?" आत्याने विचारलं.

त्यांनी कूस बदलली.

दुपार उतरता उतरता ते झालं. मशीन सुरू होताना जो मेन्यू येतो त्यात नव्या कर्नलचं नाव घातलं, मशीन बंद करून सुरू केलं. काही ओळी आल्या आणि सगळं थांबलं.

"आई," आत्या म्हणाली, "पॅनिक म्हणतंय."

"कोण?"

"कर्नल. कर्नल पॅनिक."

"आपण करायचं नाही," मी म्हणाले, आणि चहा ठेवायला गेले. चहात साखर मी घातली नव्हती, असं नंतर कळलं.

बाबांचा फोन आला तेव्हा तिथे सकाळ होती. मी आधी वजनाचं विचारलं. अजून नाही, म्हणाले. रात्री एकदा श्वासाचा त्रास झाला होता, आता बरी आहे. मग मी स्क्रीनवर काय आलंय ते वाचून दाखवलं.

"आई, तू फाइल सिस्टिमच काढून टाकलीस," ते म्हणाले. "डिस्कवरचं वाचायचं कसं हेच त्याला कळत नाहीये."

"आपल्याकडे ते आहे असं कुणी सांगितलं नव्हतं मला."

"अगं, ते सगळ्यांकडेच असतं."

मग ते हसायला लागले. थोरली जन्मल्यापासून मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून मी मध्ये बोलले नाही. हसणं थोडं लांबलं आणि शेवटी ते नीट हसणं राहिलं नाही. मग त्यांनी नाक शिंकरलं आणि आमच्या डिस्कचा प्रकार सांगितला.

जुना कर्नल मेन्यूत होता. तो लगेच सुरू झाला, काही झालंच नाही अशा थाटात. यादी पुन्हा उघडून मी त्या एका ओळीवर हो केलं. दुसऱ्या वेळी कम्पाइलला फार वेळ लागला नाही, जेवढं बदललं तेवढंच ते नव्याने करतं. या वेळी नवा कर्नल उठला. आत्या "हॅलो" म्हणाली आणि मशीनने तिला "हॅलो" म्हटलं.

मी घुगऱ्या शिजवल्या होत्या. बारशाला हरभऱ्याच्या घुगऱ्या लागतात, कर्नल कुठलाही असला तरी. देवापुढे दिवा लावला. आवाज नको म्हणून एसी बंद केला. माइकला काळा स्पंज होता, त्यालाच बाळाचा कान समजायचं ठरलं. बेडरूममध्ये आत्या टेबलाशी वाकली आणि मी तिच्या मागे उभी राहिले. बायका म्हणून आम्ही दोघीच होतो, त्यामुळे सगळे धपाटे माझ्याकडे होते.

आजोबा दारात उभे राहिले. "हे बायकांचं काम," म्हणाले. पण गेले नाहीत.

आत्याने नाव कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. ती कुर्रर्र म्हणाली, मी पाठीत घातले, तिने नाव घेतलं आणि मग पुन्हा एकदा घेतलं. रेकॉर्डिंग थांबवायला तिने माउसकडे हात नेला, तेवढ्यात आजोबा पुढे आले, मला बाजूला केलं आणि त्या काळ्या स्पंजात म्हणाले, "यल्ला, बाळा. ये घरी."

आत्याने थांबवलं. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"हे कापू का?" आत्याने मला हळूच विचारलं.

"कापायचं कशाला? फाइल छोटी आहे," मी म्हणाले.

डायल-अपवरून ती जायला बराच वेळ लागला. तोवर आम्ही घुगऱ्या खाल्ल्या. मीठ कमी होतं.

शनिवारी बाबांनी ती पेटीपाशी लावली. थोरले, तू काय केलंस असं आम्ही बाबांना विचारलं. काही नाही, झोपली होती, असं उत्तर आलं. नर्सने पेटीवरची चिठ्ठी बदलून त्यावर तुझं नाव लिहिलं. स्पेलिंग चुकवलं, पण लिहिलं. त्यानंतर काही दिवसांनी वजन वाढायला लागलं. डॉक्टरांनी त्याचं श्रेय दुधाला दिलं. आम्ही वाद घातला नाही.

आजोबा तुला एकदाच भेटले. तेव्हा तू चालायला लागली होतीस आणि त्यांचा चष्मा ओढत होतीस. धाकट्याने त्यांना पाहिलंच नाही.

तेव्हा तो माणूस म्हणजे ते.

मी आता आत्याकडे, दुबई मरीनात राहते. ते मशीन इथल्या स्टोअररूममध्ये आहे. परवा आत्याने ते लावून बघितलं. तारीख चुकीची दाखवतं, पण मेन्यू येतो. वर नवा कर्नल, खाली जुना, दोन्ही सुरू होतात. फाइलही वाजते. आजोबांचे फोटो आमच्याकडे पुष्कळ आहेत. आवाज तेवढाच आहे.