सगळ्यात स्वस्त मशीन

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या काकांना अख्खी इमारत तराजूकाका म्हणायची. तोंडावर नाही, पण त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. साधी टाचणी घ्यायची तरी चार ठिकाणी भाव विचारल्याशिवाय त्यांचा हात खिशात जात नसे. त्यात मुलीने त्यांना फोनवर एक साइट दाखवली. एकाच वस्तूचे वीस दुकानांतले भाव, एकाखाली एक. झालं! काकांना जणू पुन्हा नोकरी लागली.

त्याच सुमारास काकूंचं मनगट दुखावलं. कपडे पिळायचे नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं आणि काकांनी त्याच संध्याकाळी वॉशिंग मशीन घ्यायचं कबूल केलं. अगदी मनापासून हं. माणूस चिक्कू नव्हता, त्याला फक्त फसायचं नव्हतं.

तळमजल्यावरच विजेच्या वस्तूंचं दुकान होतं. काका रोज तिथे जात, मशीनचं दार उघडझाप करत, आतला ड्रम हाताने फिरवत आणि दुकानदारासमोरच फोन काढून दुसरीकडचा भाव वाचून दाखवत. तो बिचारा आधी शंभराने उतरला, मग दोनशेने. उतरणारा माणूस अजून उतरेल, असं काकांचं गणित. साइटवर भाव चढला म्हणून ते थांबले, उतरला म्हणून आणखी थांबले. एक महिना गेला, दुसरा गेला. काकू काही बोलेनाशा झाल्या, तेव्हा मनगट बरं झालं असावं, असा सोयीचा अर्थ काकांनी काढला.

एका सकाळी फोन टिंग करून वाजला. सगळ्यात खालचा भाव! काका चपला अडकवून तडक खाली. दुकानदाराने आकडा पाहिला आणि एवढ्या भावात आपल्याला परवडणार नाही म्हणाला. मग जरा घुटमळून त्याने त्यांना आत बोलावलं.

मागच्या खोलीत मशीन घरघरत होतं. काचेतून काकांचाच निळा चौकडीचा शर्ट गरगरताना दिसला. शेजारी स्टुलावर काकू, मनगटाला पट्टा, पुढ्यात रिकामी बादली. दीड महिन्यापूर्वीच त्यांनी स्वतःच्या साठवणीतून मशीन घेऊन तिथे बसवलं होतं.

"घरी का नाही आणलंस?" काकांनी विचारलं.

"आणलं असतं तर रोज उतरलेला भाव ऐकवला असता तुम्ही," काकू म्हणाल्या. "मला नुसतं पिळणं थांबवायचं होतं."

केवढ्याला पडलं, हे विचारायला काकांनी तोंड उघडलं. तेवढ्यात पट्ट्याकडे नजर गेली आणि ते मिटलं. लाज वाटली त्यांना. मशीन थांबल्यावर ओल्या कपड्यांनी भरलेली बादली त्यांनीच उचलली.

जिन्यात खिशातला फोन पुन्हा टिंग करून वाजला.

"बघा, आणखी उतरला असेल," काकू मागून म्हणाल्या.

काका थांबले नाहीत. बादली चांगलीच जड होती. दीड महिना ती दुखऱ्या मनगटाने कोण वर नेत होतं, हे त्यांना पहिल्याच मजल्यावर कळलं.