दाणा फोडायची दाढ

माझ्या तोंडात खाली उजवीकडं एक दाढ हाय. तिच्यावर माझं पोट चाललं, आणि पोटापेक्षा जास्ती माझी इज्जत चालली.

परभणीच्या मोंढ्यात, म्हंजी धान्याच्या बाजारात, मी तरणा असताना पोती उचलायला लागलो. पुढं पाठ गेली, तसं आप्पांनी मला ढिगापाशी उभं केलं. आप्पा म्हणजे आमच्या आडतीचे मालक. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, पूजा झाल्याबिगर पाण्याचा घोट न घेणारा माणूस. शेतकऱ्यानं तूर आणली, हरभरा आणला, की मी ढिगात कोपरापर्यंत हात घालायचो, तळाचा दाणा काढायचो आणि त्या दाढेखाली धरायचो. जोर सावकाश लावायचा. वाळलेला असंल तर टच्चकन दोन डाळी होतात. ओला असंल तर दबतो, चपटा होऊन दाताला चिकटतो. ह्या दोन्हीच्या मधलं काय ते मला बोलून सांगता येत न्हाई, दाढेला कळायचं. मी "कोरडी" म्हणलं की आप्पा भाव बोलायचे. "ऊन दाखव अजून" म्हणलं की शेतकरी गुमान पोती बांधायचा. मला शाळा न्हाई. दुसरीत मास्तरनं छडी उगारली, मी पाटी तिथंच ठेवून आलो ती आजवर आणायला गेलो न्हाई. पण मोंढ्यात माझ्या शब्दावर कुणाची दुसऱ्यांदा इचारायची मजाल नव्हती.

ओल मोजायचं मशीन आप्पांच्या खणात पडून होतं. कुणी म्हणलं, "आप्पा, काढा की ते भाईर," तर आप्पा म्हणायचे, "मामा जिता हाय तवर खणातच बरं हाय ते." मोंढ्यात मला समदे मामाच म्हणतात.

ती दाढ किडली. डावीकडच्या आधीच गेलेल्या, बाकीच्या एकमेकीला भिडत न्हाईत. दाणा फोडायला हीच एक. मी लवंग धरली, तुरटीच्या पाण्यानं चुळा भरल्या, कुणाला काही बोललो न्हाई. पण घरी लपतंय काय? पिंगळी गावात आमच्या दोन खोल्या, त्यात आमी नवरा-बायको दोघंच.

म्हातारी म्हणली, "घास एका गालात धरून किती दिस बसताव? जावा की दवाखान्यात."

"काय झालंय मला?"

"तोंडाचा भोपळा झालाय आन् म्हणं काय झालंय."

शेवटी गेलो. दातांची डॉक्टरीण गंगाखेडाकडची, उसवाल्याची लेक. मला बाबा म्हणायची. म्हणली, कीड खोल आहे, पण नसेपर्यंत पोचलेली नाही, भरून टाकू. भरलं. तिथून मी सरळ मोंढ्यात गेलो. अर्धं तोंड अजून बधिर होतं, तरी आप्पांच्या म्होरं दाणा फोडून दाखवला. का, तर कुणी म्हणू ने मामा दवाखान्यात गेलता. थोड्याच दिवसांत त्या भरणाचा कोपरा उडाला. दुसऱ्यांदा भरलं, ते तर तुरीसंगं गिळलंच गेलं.

तिसऱ्यांदा तिनं आरसा घालून बघितलं आणि तोंडावरची पट्टी खाली केली.

"बाबा, आता काढून टाकू ही."

"काढायची न्हाई."

"अहो, भिंती पातळ झाल्यात तिच्या. हट्ट कशाला? जेवायला पुढचे दात आहेत, पाहिजे तर कवळी करू."

"जेवायचं कोण म्हणलं?"

मी खिशातली तूर काढून तिच्या हातावर ठेवली आणि समदं सांगितलं. बायकोला जे कधी म्हणलं न्हाई तेबी म्हणलं, की ही गेली तर मी घरी बसून करू काय? माझ्याकडं दुसरं काय हाय?

"खिशात तूर घेऊन दवाखान्यात येणारे तुम्ही पहिलेच," ती हसली. मला हसू आलं न्हाई. मग ती एक नळी दाखवून म्हणली, "बघा, भरायच्या लेपात काचेची पूड असते. आधी भरलं त्यातली पूड जाड होती. जाड कणांमध्ये जागा राहते, लेप झिजतो, कडेला फट पडते आणि फटीत परत कीड बसते. ह्या लेपात कण इतके बारीक आहेत की केसाच्या जाडीत शेकड्यांनी मावतील. मोठ्या कणांच्या मधली जागा हे भरून काढतात. नॅनो म्हणतात."

"म्हंजी खडीच्या मधी वाळू."

"तसंच धरा."

"मग जन्मभर ऱ्हातंय?"

"नाही हो. चांदीचे असेच बारीक कण घालायचे, म्हणजे कडेला कीडच धरणार नाही, असंही करून बघायलेत. ते अजून तपासण्यातच आहे, माझ्याकडं नाही. हे आधीच्यापेक्षा चांगलं आहे एवढंच मी सांगू शकते. पण हे लोखंड नाही. दाणा फोडायचा नाही."

"मग भरायचं कशाला?"

तिनं लेप भरला, तोंडात निळा उजेड धरला, लेप दगडावाणी झाला. उठताना म्हणली, "ह्या वेळी निघालं ना बाबा, तर भरायला दाढच उरणार नाही. काढावीच लागेल."

ते शब्द माझ्या दाढेत बसले, लेपापेक्षा घट्ट.

तुरीची आवक सुरू झाली आणि मी ढिगापाशी उभा राहिलो. आमच्याच पिंगळीचा एक शेतकरी आला, माझ्यापेक्षा लहान, जिभेचा तिखट. मी हात घातला, तळाचा दाणा काढला, दाढेखाली धरला. आप्पा भाव बोलायला तयार. आणि माझा जबडा बंद होईना. निघालं तर काढावी लागेल, निघालं तर काढावी लागेल, एवढंच डोक्यात. मी दाणा नुसता चेपल्यागत केला. तो फुटला न्हाई. जोरच न्हाई तर फुटंल कशाला? पण गप तर राहता येत न्हाई, चारचौघं तोंडाकडं बघायलेत. मी म्हणलो, "ओली हाय. ऊन दाखव."

"ओली?" तो उसळला. "मामा, खळ्यावर पडून पडून तिचा कुडकुडा झालाय. तुमची दाढ झोपली का काय? आप्पा, मशीन लावा!"

माणसं हसली. आप्पा हसले न्हाईत. त्यांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई, खण ओढला आणि मशीन काढलं. त्याची धूळ धोतराच्या सोग्यानं पुसली. दाणे टाकले, आकडा आला. तूर कोरडी होती. कडकडीत कोरडी.

शेतकऱ्यानं मला हात जोडले. "चुकतंय मामा एखांद्या बारी," म्हणला. त्यानं शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर मशीन खणात न्हवतं, गादीवर होतं. आप्पांनी माझ्यासाठी बाकडं पुसून ठेवलेलं. "मामा, तुमी बसा. चहा घ्या. तुमाला बघून तर माणसं येत्यात." आप्पांच्या बोलण्यात खोट नव्हती. पण बसायला मी कुणाचा पाव्हणा हाय काय?

मी काट्याच्या मागं गेलो. सांडलेल्या तुरीची मूठ भरली. दाणा दाढेखाली धरला आणि आहे तेवढ्या जोरानं दाबला. म्हणलं फुट, निघ एकदाची, म्हंजी सांगता तरी यील की दाढ गेली, म्हणून मामा घरी बसला. टच्चकन आवाज झाला. लेप न्हाई, दाणा फुटला होता. कोरडा. दुसरा धरला, कोरडा. तिसरा दबला, दाताला चिकटला. ओला. समदं पहिल्यावाणी कळायलं होतं. मी तसाच म्होरं आलो, ढिगापाशी. नव्या शेतकऱ्याची पोती सोडलेली होती. मी तोंड उघडलं. तवर मशीन वाजलं आणि आप्पा भाव बोलले.

म्हातारीनं घरी इचारलं, "निघालं का ऱ्हायलं ते?"

"ऱ्हायलं."

"मग बरं झालं की. कशाला तोंड पाडून बसलाव?"

मी भाकर दुधात कुस्करली आणि पुढच्या दातांनीच खाल्ली.